ग्रुप टूरवर युरोप पाहताना: वेळ कुठे जातो आणि तो कसा वाचवायचा

पहिल्यांदा युरोपला निघालेल्या माणसाची तयारी बहुतेक वेळा व्हिसा, थर्मल आणि खाऊ एवढ्यावर थांबते. शहर कसं पाहायचं ते टूर लीडर बघेल, असं गृहीत धरलेलं असतं. टूर लीडर तुम्हाला चौकापर्यंत नक्की नेतो. पण तिथे मिळालेल्या पन्नास मिनिटांतली वीस स्वच्छतागृहाच्या रांगेत, पंधरा फोटोंत आणि उरलेली ‘आता कुठे जायचं’ यात गेली, तर त्याच्या हातात काही नसतं. हा लेख त्या पन्नास मिनिटांसाठी आहे. उदाहरणं मुंबई-पुण्याहून निघणाऱ्या नेहमीच्या मार्गावरची घेतली आहेत: पॅरिस, ब्रसेल्स, ॲमस्टरडॅम, जर्मनीचा तुकडा, स्वित्झर्लंड आणि इटली.

पैसे भरण्याआधी: कार्यक्रमपत्रिका वाचा, चित्रं बघू नका

पत्रिकेत प्रत्येक स्थळाशेजारी एक शब्द असतो आणि सगळा हिशेब त्या शब्दात असतो. ‘व्हिजिट’ किंवा ‘एंट्रन्स’ म्हणजे तिकीट काढून आत नेणार. ‘फोटो स्टॉप’ म्हणजे दहा-पंधरा मिनिटं बाहेरून. ‘ड्राइव्ह पास्ट’ म्हणजे बसच्या काचेतून, तेही तुमची सीट त्या बाजूला असेल तर. ‘ओरिएंटेशन टूर’मध्ये टूर लीडर स्वतः चालत किंवा बसमधून फिरवतो. ‘गाइडेड टूर’ला मात्र स्थानिक परवानाधारक गाइड येतो. ‘ऑप्शनल’ म्हणजे वेगळे पैसे. आणि तुम्ही ते भरले नाहीत तर तेवढा वेळ कुठे काढायचा, हे आधीच विचारून ठेवा. एका पेन्सिलीने आत नेणारी स्थळं अधोरेखित करा. पन्नास नावांपैकी पंधरा-वीस उरली तरी टूर वाईट आहे असं नाही, फक्त तुमची अपेक्षा जागेवर येते.

मग तारखांवर वार लिहा. पॅरिसचं लूव्र संग्रहालय मंगळवारी बंद, तिथलंच ओर्से संग्रहालय सोमवारी बंद. फ्लॉरेन्सची उफित्सी आणि अकादेमिया ही संग्रहालयं सोमवारी बंद. व्हॅटिकन संग्रहालयं रविवारी बंद (महिन्याचा शेवटचा रविवार सोडून, आणि त्या दिवशी प्रवेश मोफत असल्याने गर्दी अफाट). बुधवारी सकाळी पोपची जाहीर भेट असेल तर सेंट पीटर्स बॅसिलिका दुपारपर्यंत बंद असू शकते. जर्मनी आणि स्वित्झर्लंडमध्ये रविवारी दुकानं बंद, अगदी किराणासुद्धा. उघडं काय, तर रेल्वे स्टेशनातली दुकानं आणि काही पर्यटकी दुकानं. ट्यूलिपची बाग, क्यूकेनहोफ, साधारण मार्चच्या उत्तरार्धापासून मेच्या मध्यापर्यंतच उघडी असते. जूनच्या टूरच्या जाहिरातीत ट्यूलिप दिसले तर ते छापील समजा.

कंपनीला हे चार प्रश्न लेखी विचारा: हॉटेल शहराच्या मध्यापासून किती अंतरावर आणि जवळचं स्टेशन कोणतं, आयफेलचं तिकीट दुसऱ्या मजल्याचं की शिखराचं, टिप्स आणि हॉटेलांचा शहर कर धरलेला आहे का, बसमध्ये एकूण माणसं किती. हॉटेलांबद्दलचं उत्तर सर्वांत महत्त्वाचं. ‘पॅरिस हॉटेल’ म्हणजे बहुधा विमानतळाजवळचं किंवा उपनगरातलं हॉटेल, आणि तुमच्या संध्याकाळी त्यावरच ठरतात. पॅकेजवर कापला गेलेला टीसीएस (पैसे भरतानाच आगाऊ घेतलेला कर) आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो. त्याचा दाखला मागून ठेवा.

व्हिसाचं काम कंपनी करते, म्हणून इथे थोडक्यात. पासपोर्ट शेंगेनमधून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातून) बाहेर पडण्याच्या तारखेनंतर किमान ३ महिने वैध आणि गेल्या १० वर्षांत काढलेला हवा, विमा किमान ३०,००० युरोंचा हवा. लंडन असेल तर ब्रिटनचा व्हिसा वेगळा. ऑक्टोबर २०२५ पासून शेंगेन सीमेवर शिक्क्याऐवजी संगणकीय नोंदीची पद्धत टप्प्याटप्प्याने सुरू झाली आहे, त्यामुळे पहिल्या विमानतळावरची रांग लांबते. त्या दिवशीच्या ‘दुपारी शहरदर्शन’वर फार भिस्त ठेवू नका.

बसचं घड्याळ कोणाच्या हातात असतं

‘अजून अर्धा तास थांबू या ना’ ही ग्रुपमधली नेहमीची विनंती. ती नाकारली जाते तेव्हा टूर लीडर खडूस वाटतो. खरं कारण चालकाच्या तासांचा कायदा आहे. युरोपीय महासंघाच्या २००६ सालच्या नियमानुसार साडेचार तास गाडी चालवल्यावर ४५ मिनिटांची विश्रांती सक्तीची आहे. ती तुकड्यांत घेता येते, पण १५ मिनिटांहून लहान तुकडा धरला जात नाही. दिवसाला ९ तास ड्रायव्हिंग, आठवड्यातून दोनदाच १० तास. आणि २४ तासांत सलग ११ तास विश्रांती, जी दोन साप्ताहिक सुट्ट्यांच्या मध्ये तीन वेळाच ९ तासांवर आणता येते. सहलीच्या बसना अलीकडे थोडी सवलत मिळाली आहे, पण चौकट हीच. बसमधला टॅकोग्राफ हे सगळं नोंदवतो, पोलीस रस्त्यात थांबवून तपासतात, आणि दंड चालकाला व कंपनीला होतो.

याचा तुमच्या दिवसावर परिणाम असा. चालक सकाळी आठला कामावर आला तर रात्री नऊला त्याचा दिवस संपतो, सवलत वापरली तर अकराला. पॅरिसमध्ये जूनअखेर सूर्य मावळतो तोच दहाच्या सुमारास. मग ‘इल्युमिनेशन टूर’ करून हॉटेलवर यायला मध्यरात्र होते आणि दुसऱ्या दिवशी बस नऊच्या आत हलूच शकत नाही. म्हणून उन्हाळ्यात कंपन्या ही टूर गाळतात, उजेडातच उरकतात किंवा वेगळ्या बसने करतात. दिवे बघायचेच असतील तर एप्रिल किंवा सप्टेंबर-ऑक्टोबर बरे. उलट जूनचा फायदा असा, की सात वाजता भारतीय जेवण उरकल्यावरही तीन तास स्वच्छ उजेड तुमचा असतो. त्याचा उपयोग पुढे येतो.

बसबद्दल आणखी थोडं. सीट पट्टा बांधणं सक्तीचं आहे. बहुतेक ग्रुपमध्ये सीटा रोज बदलतात, पुढच्या सीटसाठी पहाटे रुमाल टाकायची गरज नाही. बसमधलं स्वच्छतागृह असलं तरी ते सहसा बंद ठेवतात. थांबे साधारण दोन-अडीच तासांनी असतात, तेव्हा गरज नसली तरी जाऊन या. जर्मनीच्या महामार्गांवर एक युरोचं नाणं किंवा कार्ड लावून फाटक उघडतं आणि तेवढ्याच किमतीचं कुपन मिळतं. ते तिथल्याच दुकानात कॉफीवर लगेच वापरा, पुढच्या देशात त्याचा उपयोग नाही. खिशात ५० सेंट आणि १ युरोची आठ-दहा नाणी कायम असू द्या. पंचेचाळीस माणसांच्या बसमध्ये सुट्ट्या पैशांची उसनवारी दहा मिनिटं खाते.

बॅग, बूट आणि हॉटेलची खोली

बूट नवे घेऊन विमानात बसू नका. निघण्याच्या तीन आठवडे आधी घ्या आणि रोज तासभर चाला. युरोपच्या जुन्या भागात रस्ते दगडी फरशीचे, तुकड्या-तुकड्यांचे असतात, पातळ तळाच्या सँडलमधून प्रत्येक दगड टोचतो. शहराच्या दिवशी आठ ते दहा किलोमीटर चालणं सहज होतं, कारण बस आतपर्यंत जात नाही. इटलीतल्या जुन्या शहरांत वाहनबंदीचे पट्टे आहेत, ॲमस्टरडॅमच्या मध्यभागात २०२४ पासून साडेसात टनांवरच्या बसना बंदी आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी लाजत न्यायची नाही. तिची खरी गरज चढापेक्षा उतारावर आणि दगडांवर लागते.

एक मोठी बॅग, एक लहान. हमाल नसतो, लिफ्टमध्ये दोन माणसं आणि दोन बॅगा एवढंच मावतं. बॅग स्वतःला उचलून तीन पायऱ्या चढवता येत नसेल तर ती जड आहे. पाठीवरची पिशवी छोटीच घ्या, मोठी सॅक व्हेनिसच्या सान मार्को बॅसिलिकेत आणि पिसाच्या मनोऱ्यात नेऊ देत नाहीत. चर्चसाठी खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे. एक ओढणी किंवा स्टोल पिशवीत टाकला की प्रश्न मिटतो.

खाऊ न्या, पण भारतातून मांस आणि दुधाचे पदार्थ महासंघात नेता येत नाहीत. म्हणजे पेढे, बर्फी, पनीर, तूप घरीच. खाकरा, चिवडा, कोरडी चटणी, शेंगदाण्याचा लाडू चालतो. खोलीत इंडक्शन किंवा अगरबत्ती लावू नका. धुराचा अलार्म वाजला तर अख्खं हॉटेल खाली उतरतं आणि बिल तुमच्या नावावर येतं.

प्लगसाठी दोन गोल पिनांचा ॲडॉप्टर बहुतेक सगळीकडे चालतो. स्वित्झर्लंडचा सॉकेट षटकोनी खाचेचा असतो, त्यात पातळ चपट्या अंगाचा दोन पिनी प्लग बसतो, जाड गोल बसत नाही. हॉटेलच्या काउंटरवर तो मागायला जाणारे वीसजण असतात आणि ॲडॉप्टर तीन.

बाथरूमबद्दल मात्र नीट वाचा, कारण आपल्याकडच्या सवयीने इथेच घोटाळा होतो. तिथल्या बाथरूमच्या जमिनीला मोरी नसते. टबात उभं राहून अंघोळ करायची आणि पडदा टबाच्या आत सोडायचा. पडदा बाहेर राहिला तर पाणी जमिनीवर, तिथून उंबऱ्याखालून खोलीच्या कार्पेटवर, आणि कधीकधी खालच्या मजल्याच्या छतात. त्याचा खर्च हॉटेल वसूल करतं. पडदा नसेल, नुसती अर्धी काच असेल, तर शॉवरचं तोंड भिंतीकडे करा आणि जमिनीवर आधीच एक टॉवेल अंथरा. बादली-मग नसतो, जेट नसतो. त्यासाठी एक वेगळी प्रवासी बाटली बरोबर असू द्या. पिण्याचं पाणी बेसिनच्या गार नळाचंच भरा, ते पिण्यायोग्य असतं. गरम नळाचं पिऊ नका. दुकानात बाटली घेताना दाबून बघा. टणक लागली तर सोड्याची असण्याची शक्यता दाट.

मोकळा वेळ मिळाला की

चौकात उतरल्यावर ‘सव्वाचारला इथे’ असं सांगितलं जातं. पुढचं या क्रमाने करा.

१. फोनवर ठिकाणाची खूण साठवा आणि जागेचा फोटो काढा. फोटोत पुतळा नव्हे, मागच्या दुकानाची पाटी यायला हवी, कारण प्रत्येक शहरात घोड्यावरचे पुतळे चार असतात.

२. वेळ घड्याळातच बघून नक्की करा. भारतीय वेळ आणि तिथली वेळ यात उन्हाळ्यात साडेतीन तासांचा, हिवाळ्यात साडेचार तासांचा फरक असतो. हातातलं घड्याळ बदललेलं नसणं हे उशिराचं एक खरंखुरं कारण आहे.

३. स्वच्छतागृह आधी नको, मध्ये. उतरल्याबरोबर सगळा ग्रुप तिकडेच धावतो. वीस मिनिटांनी रांग नसते. (ज्यांना थांबणं शक्य नाही त्यांनी अर्थातच धावावं.)

४. सर्वांत लांबचं ठिकाण आधी, मग परत येत येत जवळचं. खरेदी शेवटी, जमण्याच्या जागेच्या पन्नास पावलांवर.

५. ठरलेल्या वेळेच्या दहा मिनिटं आधी पोहोचा. हरवलात तर शेवटचं सर्वांनी एकत्र पाहिलेलं ठिकाण गाठा आणि तिथेच थांबून टूर लीडरला फोन करा. शोधत फिरू नका.

हे लुसर्नवर करून बघू. बस तलावाकाठच्या श्वानेनप्लात्झला सोडते आणि साधारण दीड तास मिळतो. बहुतेक लोक समोरच्या घड्याळांच्या दुकानात शिरतात आणि तासाने बाहेर येतात. त्याऐवजी आधी सिंहाच्या स्मारकाकडे चला, दहा मिनिटं. १७९२ साली पॅरिसच्या राजवाड्याचं रक्षण करताना मेलेल्या स्विस शिपायांसाठी १८२१ मध्ये खडकात कोरलेला हा मरणासन्न सिंह आहे. दहा मिनिटं तिथे, दहा मिनिटं परत. मग चॅपल ब्रिज. चौदाव्या शतकातला छप्पर असलेला लाकडी पूल, १९९३च्या आगीत त्यातली बहुतेक त्रिकोणी चित्रं जळाली. मधूनच काही चौकटी काळ्या किंवा रिकाम्या दिसतात त्या म्हणूनच. पूल ओलांडून नदीच्या काठाने खाली दुसऱ्या लाकडी पुलापर्यंत, श्प्रोयरब्रुकेपर्यंत जा. तिथे मृत्यूचं नृत्य दाखवणारी जुनी चित्रं शाबूत आहेत आणि गर्दी पाव असते. तिथून जुन्या गावातल्या रंगवलेल्या घरांमधून परत. सगळं मिळून तासभर, घड्याळाच्या दुकानाला वीस मिनिटं उरतात आणि ती पुरतात.

डोंगरावर जायच्या दिवशी, टिटलिस असो की युंगफ्राऊयोख, एक आकडा लक्षात ठेवा: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. लुसर्न ४३५ मीटरवर, टिटलिसचं वरचं स्टेशन ३,०२० वर, युंगफ्राऊयोख ३,४५४ वर. खाली २५ असेल तर टिटलिसला आठ-नऊ, आणि वाऱ्यात त्याहून बरंच कमी. थर हवेत, एकच जाड कोट नको. वर पोहोचल्यावर पहिली दहा मिनिटं हळू चाला. बर्फ दिसताच धावत सुटणाऱ्यांना चक्कर येते ती विरळ हवेमुळे. हृदयविकार किंवा रक्तदाबवाल्यांनी निघण्याआधीच डॉक्टरांना उंची सांगून विचारावं. काळा चष्मा घ्या, बर्फावरचं ऊन डोळ्यांना जास्त लागतं.

पॅरिस

आयफेलचा फोटो सकाळी नदीपलीकडच्या ट्रोकादेरोवरून काढला तर मनोरा काळा येतो, कारण सूर्य त्याच्या मागे असतो. सकाळी उलट्या बाजूने, शां द मार्सच्या हिरवळीवरून काढा, ट्रोकादेरो दुपारनंतर. पण बस ज्या वेळी नेईल ती वेळ तुमची नाही. सकाळचा फोटो स्टॉप ट्रोकादेरोचाच असेल तर माणसाचा चेहरा मनोऱ्याच्या सावलीत येईल असा उभा करा, किंवा सरळ बाह्याकृतीच घ्या.

वर जाताना तपासणी होते, काचेची बाटली नेऊ देत नाहीत. दुसरा मजला ११६ मीटरवर आणि शिखराचा सज्जा २७६ मीटरवर. शिखराला जास्त पैसे आणि आणखी एक रांग, पण इमारती ओळखू येतात त्या दुसऱ्या मजल्यावरूनच. वरून सगळं करडं दिसतं. ग्रुपच्या तिकिटात दुसराच मजला असेल तर हळहळ नको. उतरताना लिफ्टला गर्दी असेल आणि गुडघे धड असतील तर दुसऱ्या मजल्यावरून ६७४ पायऱ्या आहेत. नोत्र दाम २०१९च्या आगीनंतर डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा उघडलं आणि प्रवेश मोफत आहे. ग्रुपच्या पत्रिकेत ते अजूनही बऱ्याचदा बाहेरूनच असतं, म्हणून संध्याकाळी स्वतः जाण्यासारखं ठिकाण ते.

संध्याकाळ स्वतः घालवायची तर टूर लीडरला सांगूनच जा. मेट्रो आणि उपनगरी गाडीचं तिकीट २०२५ पासून एकाच दराचं, अडीच युरोंच्या आसपास आहे. ते नाव्हिगो ईझी कार्डावर भरतात, कार्डाचे २ युरो. प्रत्येकाला वेगळं कार्ड लागतं. एकाच कार्डावर दोन तिकिटं भरून नवरा-बायको दोघं आत गेले की तपासनीस दंड करतो. कार्ड बाहेर पडेपर्यंत हातात ठेवा.

चोर कसे काम करतात तेही इथेच सांगून टाकू. कागदावर सही मागणाऱ्या मुली: तुम्ही पेन धरलं की पाटी तुमच्या पिशवीवर येते आणि तिच्या खाली दुसरा हात चालतो. साक्रे-कर चर्चच्या पायऱ्यांवर मनगटाला दोरा बांधणारे: गाठ बसली की पैसे मागतात, म्हणून हात खिशात ठेवून चालत राहा. सीनच्या काठी ‘तुमची सोन्याची अंगठी पडली’ म्हणणारा: अंगठी पितळेची. तीन वाट्यांखाली चेंडू: भोवती जिंकणारे सगळे त्याचेच लोक. यापेक्षाही जास्त पिशव्या जातात हॉटेलच्या नाश्त्याच्या हॉलमधून, खुर्चीला अडकवून बुफेकडे गेल्यावर. पासपोर्ट कपड्यांच्या आत, पट्ट्याच्या पाकिटात. तो गेला तर पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तिथे आणीबाणीचा दाखला मिळतो, पण तो फक्त भारतात परतण्यासाठी असतो. म्हणजे टूर तिथेच संपली.

ब्रसेल्सला सगळे मानेकेन पिसकडे धावतात. तो जेमतेम दोन-अडीच वीत उंचीचा पुतळा आहे, एक मिनिट पुरे. उरलेला वेळ ग्रां-प्लासच्या चौकात उभं राहून चारही बाजूंच्या इमारती बघण्यात घालवा. ॲमस्टरडॅममध्ये एकच सूचना: लालसर रंगाच्या पट्ट्यावर उभं राहून फोटो काढू नका. तो सायकलींचा रस्ता आहे आणि त्या थांबत नाहीत.

व्हेनिस

बस ट्रोंकेत्तो बेटावर थांबते. पुढे ग्रुपची खास बोट सान मार्कोजवळच्या धक्क्यावर नेते. परतीची बोट वेळेवर सुटते, कारण धक्का तिला मोजून मिळालेला असतो. ती चुकली तर सान झक्कारिया थांब्यावरून वापोरेत्तोची, म्हणजे सार्वजनिक बोटसेवेची, २ क्रमांकाची बोट पकडा, ती ट्रोंकेत्तोला जाते. ७५ मिनिटांचं तिकीट साडेनऊ युरो. हे एवढं कागदावर लिहून खिशात ठेवलं तर घाबरायचं कारण उरत नाही.

२०२४ पासून इथे एका गाइडमागे २५ माणसांची मर्यादा आहे आणि ध्वनिवर्धकाला बंदी. म्हणून ४५ जणांच्या ग्रुपचे दोन भाग होतात आणि कानात हेडसेट मिळतो. नवरा एका भागात, बायको दुसऱ्यात असं होऊ देऊ नका; भाग पडतानाच एकत्र उभे राहा. काही ठरावीक दिवशी दिवसभराच्या पाहुण्यांना प्रवेश शुल्क असतं. ते किंवा त्यातून सूट मिळाल्याचा क्यूआर कोड कंपनी देते, तो फोनमध्ये चित्र म्हणून साठवा.

गोंडोल्याचा अधिकृत दर दिवसा अर्ध्या तासाला ९० युरो, संध्याकाळी सातनंतर ३५ मिनिटांना ११०. हा दर नावेचा आहे, माणशी नाही, आणि नावेत पाच जण बसतात. टूरमध्ये धरलेला असेल तर उत्तम, नसेल तर पाच जण जमवा.

मोकळा वेळ तासाभराचा असेल तर सान मार्कोच्या चौकात पंधरा मिनिटं, मग रिआल्तो पुलाकडे. भिंतींवर पिवळ्या पाट्या असतात, ‘पेर रिआल्तो’ आणि बाण. परत येताना ‘पेर सान मार्को’. गर्दीत एका बाजूला पंधरा मिनिटं धरा. गल्ल्यांत फोनचा नकाशा उड्या मारतो, पाट्या मारत नाहीत. चौकातल्या वाद्यवृंदवाल्या कॅफेत बसलात तर संगीताचे पैसे बिलात वेगळे लागतात. पायऱ्यांवर बसून डबा उघडला किंवा कबुतरांना दाणे टाकले तर दंड.

इटलीत इतरत्र: कॉफी काउंटरपाशी उभं राहून प्यायली तर स्वस्त, टेबलावर महाग, आणि जेवणाच्या बिलात ‘कोपेर्तो’, म्हणजे टेबलावर बसण्याचे पैसे, म्हणून माणशी थोडे युरो येतात, ती फसवणूक नाही. कोलोसियमचं तिकीट नावाचं असतं, पासपोर्ट लागतो. रोममध्ये रस्त्यातल्या लोखंडी नळांचं पाणी गार आणि मोफत. फ्लॉरेन्सच्या चौकातला डेव्हिड ही प्रतिकृती आहे, मूळ मूर्ती १८७३ पासून अकादेमियात आहे. पत्रिकेत कोणती आहे ते बघा. पिसाला मनोऱ्यावर न चढणाऱ्यांना चाळीस मिनिटं भरपूर. फुटपाथवरच्या नकली ब्रँडच्या पर्स घेऊ नका. इटलीत विकत घेणाऱ्यालाही दंड आहे, सात हजार युरोंपर्यंत.

पैसे, फोन आणि शेवटी विमानतळ

कार्ड मशीन ‘रुपयांत की युरोत’ विचारतं तेव्हा नेहमी युरो निवडा. रुपयांचा दर दुकानदाराच्या बँकेचा आणि वाईट असतो. स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक चालतो. पर्यटकी दुकानं युरो घेतात, पण सुट्टे फ्रँकमध्ये देतात आणि दर त्यांचा. ‘युरोप’ सिम घेताना स्वित्झर्लंड त्यात आहे का ते तपासा. स्वित्झर्लंड शेंगेनमध्ये आहे, महासंघात नाही, आणि काही स्वस्त सिम तिथे गप्प होतात. आणीबाणीला क्रमांक ११२.

खरेदीवरचा व्हॅट परत मिळतो, पण एका दुकानातल्या खरेदीची किमान मर्यादा असते: फ्रान्स १०० युरोंच्या वर, इटली ७०च्या वर, जर्मनी ५०च्या वर, स्वित्झर्लंड ३०० फ्रँक. दुकानात पासपोर्ट दाखवून फॉर्म घ्या. महासंघातल्या सगळ्या खरेदीवर शिक्का महासंघ सोडताना शेवटच्या ठिकाणी मिळतो. ग्रुप टूरवर नेमकं इथे फसतं. पॅरिसला पर्स घेतली, बसने स्वित्झर्लंडला गेलात आणि झुरिकहून परत उडालात, तर महासंघ तुम्ही बसमधून सोडलात. झुरिकचे अधिकारी फ्रेंच फॉर्मवर शिक्का मारत नाहीत. टूर झुरिकला संपत असेल तर सीमेवरच्या कस्टम्सपाशी बस थांबवणार का, हे टूर लीडरला आधीच विचारा, नाहीतर मोठी खरेदी स्वित्झर्लंडमध्येच करा. रोम किंवा मिलानहून उडणार असाल तर उलटी अडचण: स्विस घड्याळाचा शिक्का स्वित्झर्लंड सोडताना सीमेवरच घ्यावा लागतो.

विमानतळावर वस्तू, पावती, फॉर्म आणि पासपोर्ट घेऊन आधी कस्टम्सच्या खिडकीकडे जा. वस्तू वापरलेली दिसता कामा नये, आणि अधिकारी ती दाखवायला सांगू शकतात. म्हणून शिक्का मिळेपर्यंत ती बॅग चेक-इनला देऊ नका. ग्रुपचं चेक-इन एकदम होतं, कस्टम्सचं काम ज्यांना आहे त्यांनी टूर लीडरला आदल्या रात्रीच सांगून विमानतळावर अर्धा-पाऊण तास आधी पोहोचायची सोय करून घ्यावी.